आंतरग्रंथालयीन देवघेव : विद्यार्थ्यांनी न वापरलेली एक सोय

स्मरणिकेसाठी विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल असा एखादा लेख द्यावा, असा निरोप कार्यकारिणीकडून आला तेव्हा आम्ही प्रथम टाळाटाळच केली. आम्ही बँकेत कारकून. दिवसभर आकड्यांशी संबंध. कला शाखेची पदवी घेतली त्यालाही आता वीस-बावीस वर्षे होऊन गेली. परंतु गेल्या पावसाळ्यात आपल्या अभ्यासिकेत एक प्रसंग घडला आणि त्यावर लिहिणे आमचे कामच आहे असे वाटू लागले. म्हणून हा प्रयत्न.

प्रसंग असा. एका रविवारी अभ्यासिकेत इतिहास विषय घेऊन एम. ए. करणारी आपल्याच वस्तीतील एक मुलगी वही उघडून बसली होती. तिच्या प्रकल्पाचा विषय पश्चिम खानदेशातील महार वतने. तिच्या पणजोबांकडे शिरपूर तालुक्यातील एका गावचे वतन होते, त्यामुळे विषय घरचाच. वहीत तिने लागणाऱ्या पुस्तकांची यादी केली होती आणि काही नावांपुढे लाल पेनाने ‘नाही’ असे लिहिले होते. त्यातले एक नाव होते मुंबई कौन्सिलच्या १९२८ सालच्या कामकाजाचा छापील वृत्तांत. आम्ही विचारले, ‘नाही’ म्हणजे काय? ती म्हणाली, “काका, ते आपला कॉलेजमा नही शे. पुना-मुंबईले भेटी.” आणि तिने पान उलटले.

हे पान उलटणे आमच्या मनाला लागले. पुण्याला जायचे म्हणजे एस. टी.चा रात्रीचा प्रवास, तेथे कोणाकडे तरी मुक्काम, ग्रंथालयात ओळख नाही आणि मुलीला एकटीला पाठवावे की नाही हा घरचा प्रश्न. २०२३ पासून महाराष्ट्रात एस. टी.मध्ये महिलांना अर्धे तिकीट झाले हे खरे, पण केवळ तिकिटाने ग्रंथालयाचे दार उघडत नाही. वडील सूतगिरणीत कामाला. त्यांनी तिला कधी नाही म्हटले नसते, परंतु तिनेच घरी विचारले नव्हते. कॉलेजात नाही म्हणजे मिळत नाही, हे समीकरण आपल्या मुलांच्या डोक्यात असे पक्के बसले आहे की प्रश्न विचारण्याआधीच ती उत्तर लिहून मोकळी होतात.

वास्तविक तिने एकच काम करावयाचे राहिले होते. कॉलेजच्या ग्रंथपालांकडे जाऊन ‘हे दुसरीकडून मागवून मिळेल का?’ असे विचारणे. या सोयीला ग्रंथालयशास्त्रात आंतरग्रंथालयीन देवघेव असे नाव आहे. नाव जड आहे, गोष्ट सोपी आहे. आपल्या ग्रंथालयात नसलेले पुस्तक दुसऱ्या ग्रंथालयाकडून, आपल्या ग्रंथालयाच्या नावावर व जबाबदारीवर, ठरावीक मुदतीसाठी मागवून वाचकाच्या हाती देणे म्हणजेच ही देवघेव होय. दुसरे ग्रंथालय वाचकाला ओळखत नाही. ते ओळखते फक्त वाचकाच्या ग्रंथालयाला.

बँकेत काम केलेल्या माणसाला हे लगेच समजते. आम्ही नोकरीला लागलो त्या काळी परगावचा चेक वसुलीला पाठवावा लागे. त्यासाठी एक जाडजूड रजिस्टर असे, त्याला ओ. बी. सी. रजिस्टर म्हणत (म्हणजे ‘आउटवर्ड बिल्स फॉर कलेक्शन’, नवीन मुले दचकत!). शिरपूरचा खातेदार कोण, काय करतो, हे नाशिकच्या बँकेला ठाऊक नसे, पण शिरपूर शाखेचा शिक्का व अधिकाऱ्याची सही ठाऊक असे. तेवढ्यावर व्यवहार पुरा होई. आता संगणकामुळे ते रजिस्टर गेले, परंतु तत्त्व तेच आहे. संस्था संस्थेवर विश्वास ठेवते आणि त्या विश्वासाचा फायदा साध्या माणसाला होतो.

आता कर्जाची बाजू पाहा. कर्जाच्या अर्जाला जामीनदार लागतो. आपल्या वस्तीतला माणूस जामीनदार शोधायला निघाला म्हणजे किती दारे फिरतो, आणि किती दारांतून ‘उद्या या’ ऐकून परत येतो, हे आम्ही काऊंटरच्या दोन्ही बाजूंनी पाहिले आहे. पुस्तकाच्या या देवघेवीत मात्र विद्यार्थ्याला जामीनदार शोधावा लागत नाही. कॉलेजच त्याचा जामीनदार. सातबारा नको, पगारपत्रक नको, बाप कोण हा प्रश्न नाही. ज्याच्या घरी एकही पुस्तक नाही अशा मुलासाठी त्याचे कॉलेज दूरच्या ग्रंथालयाला लिहून देते की, या पुस्तकाची जबाबदारी आमची. आमच्या मते एवढी मोठी पत गरिबाच्या मुलाला दुसरीकडे कोठे मिळत नाही, आणि हीच पत आपण वापरत नाही.

ही पद्धत कालपरवाची नव्हे. बौद्ध इतिहासातच तिचे एक सुंदर उदाहरण आहे. चिनी भिक्षू ह्युएनत्संग भारतात अनेक वर्षे राहून, नालंदा येथे आचार्य शीलभद्र यांच्याजवळ अध्ययन करून परत निघाला, तेव्हा सिंधू नदी ओलांडताना नाव हेलकावली आणि सुमारे पन्नास पोथ्या पाण्यात गेल्या. इ. स. ६४५ मध्ये तो चीनच्या राजधानीत पोहोचला तेव्हा त्याच्याजवळ ६५७ ग्रंथ होते असे नमूद आहे. दुसरा एखादा एवढ्यावर समाधान मानून स्वस्थ बसला असता. हा भिक्षू बसला नाही. भारतातून भिक्षूंची पत्रे त्याला आली होती. त्यांना इ. स. ६५४ मध्ये उत्तर लिहिताना शीलभद्रांचे शिष्य ज्ञानप्रभ यांना त्याने कळविले की सिंधू ओलांडताना एक ओझे ग्रंथ बुडाले, त्यांच्या नावांची यादी सोबत पाठवीत आहे, जमेल तेव्हा ते पाठवावेत. म्हणजे पुस्तके गेल्याला दहा वर्षे झाली तरी यादी जवळ होती, आणि हजारो कोस दूर असलेल्या विहाराकडे मागणी करण्यात त्याला संकोच वाटला नाही. आजच्या मागणीपत्रकात जे असते ते सर्व त्या पत्रात आहे. काय हवे, का हवे आणि कोणाच्या ओळखीने मागतो.

अलीकडच्या काळात यायचे तर बडोद्याकडे पाहावे लागते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचा जन्म आपल्या शेजारच्या मालेगावजवळील कवळाणे या खेड्यातला. त्यांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथालयतज्ज्ञाला बोलावून घेतले आणि पाठोपाठ फिरती ग्रंथालये सुरू झाली. लाकडी पेट्यांत पुस्तके भरून खेडोपाडी पाठवावयाची, वाचून झाली की पेटी परत यावयाची, आणि वाहतुकीचा खर्च सरकारने सोसावयाचा. याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे पोटाला चिमटा घेऊन त्यांनी जुन्या बाजारातून पुस्तके जमविली. १९१७ साली भारतात परतताना सामानाबरोबर ती पुस्तके वेगळ्या बोटीने पाठविली, आणि महायुद्धात ती बोट बुडविली गेली. पुढे १९२० ते १९२३ या काळात लंडनमध्ये त्यांनी ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसून जो अभ्यास केला तो सर्वांना माहीत आहे. ‘बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी राजगृह बांधले’ हे आपण सभांतून नेहमी सांगतो. स्वतःची नसलेली पुस्तके त्यांनी किती वाचली हे मात्र सांगत नाही.

ग्रंथालयशास्त्राचे भारतातील आद्य आचार्य डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यातील दुसरा नियम वाचकाच्या बाजूचा आहे. ज्याला जे पुस्तक हवे ते त्याला मिळाले पाहिजे, असा त्याचा आशय. आता कोणतेही एक ग्रंथालय, मग ते कितीही श्रीमंत असो, जगातील सर्व पुस्तके घेऊ शकत नाही. तेव्हा हा नियम पाळावयाचा तर ग्रंथालयांनी एकमेकांकडून घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. इंग्लंडमध्ये यॉर्कशायर परगण्यात बॉस्टन स्पा येथे १९६०नंतरच्या दशकात केवळ इतर ग्रंथालयांना उसने देण्यासाठी म्हणून एक राष्ट्रीय ग्रंथालय उभारले गेले. आपल्याकडे १९८८ साली दिल्लीत ‘डेलनेट’ सुरू झाले. प्रथम ते दिल्लीतील ग्रंथालयांपुरते होते, पुढे देशभरातील ग्रंथालये त्याची सभासद झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ साली ‘इन्फ्लिबनेट’ हा कार्यक्रम हाती घेतला, १९९६ साली ते स्वतंत्र केंद्र झाले. आज ते गुजरातेत गांधीनगरला आहे. देशातील विद्यापीठांच्या ग्रंथालयांत कोणते पुस्तक कोठे आहे याची एकत्र यादी त्यांनी ‘इंडकॅट’ या नावाने केली असून ती कोणालाही फुकट पाहता येते. मोबाईलवरसुद्धा.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. विद्यार्थी मित्रांनो, हा भाग जरा लक्ष देऊन वाचा.

पहिली गोष्ट, आपल्याला नेमके काय हवे ते लिहून काढा. आमच्याकडे एक मुलगा आला होता, म्हणाला, आंबेडकरांचे ते निळ्या पुठ्ठ्याचे जाड पुस्तक हवे आहे! खाते क्रमांकाशिवाय पैसे भरायला येणारे गिऱ्हाईक आणि हा मुलगा, दोघांची गत एकच. लेखकाचे पूर्ण नाव, पुस्तकाचे नाव, प्रकाशक, वर्ष, खंड असल्यास खंड क्रमांक आणि कोणती पाने. शिवाय या पुस्तकाचा उल्लेख तुम्हाला कोठे सापडला तेही लिहा, कारण नाव चुकले असेल तर ग्रंथपाल मूळ उल्लेखावरून दुरुस्त करू शकतात.

दुसरी गोष्ट, जुनी नावे. हे फार महत्त्वाचे असून याकडे कोणी लक्ष देत नाही. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे दोन भाग झाले, पूर्व खानदेश व पश्चिम खानदेश. जळगाव हे पूर्वेचे आणि धुळे हे पश्चिमेचे मुख्य ठिकाण. नंदुरबार तर १ जुलै १९९८ रोजी वेगळा जिल्हा झाला. त्यामुळे १९२८ सालचे कागद ‘धुळे जिल्हा’ म्हणून शोधाल तर काहीच हाती लागणार नाही, ‘वेस्ट खानदेश’ म्हणून शोधा. जुन्या इंग्रजी पुस्तकांत धुळ्याचे नाव ‘धुलिया’ असे येते. वतन या शब्दाचे इंग्रजी स्पेलिंग कोणी व्हीने केले आहे, कोणी डब्ल्यूने. दोन्ही घालून पाहावे. १९०६ पूर्वीचे असेल तर नुसते खानदेश.

तिसरी गोष्ट, उसने मागण्याआधी फुकट मिळते का पाहा. ‘गॅझेटियर ऑफ द बॉम्बे प्रेसिडेन्सी’ मालेचा खानदेशावरील बारावा खंड १८८० सालचा आहे, तो संगणकावर घरबसल्या वाचता येतो. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांचे इंग्रजी खंडही तसेच. पीएच.डी.चे हजारो प्रबंध ‘शोधगंगा’वर खुले आहेत. जे फुकट आहे त्यासाठी ग्रंथपालांचा वेळ व टपालाचा खर्च वाया घालवू नये.

आमच्या त्या विद्यार्थिनीच्या बाबतीत असेच झाले. बाबासाहेबांनी मार्च १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. वतनदार महाराने रात्री-अपरात्री, कोणत्याही कामाला, घरातल्या कोणीही धावावे आणि मोबदल्यात तुटपुंजी जमीन व बलुते घ्यावे, ही पद्धत मोडण्याचा तो प्रयत्न होता. विधेयक पुढच्या वर्षी मागे घ्यावे लागले. ही कनिष्ठ वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला. विधेयकावरील बाबासाहेबांची भाषणे शासनाच्या दुसऱ्या खंडात (१९८२) आहेत, ती तिने मोबाईलवरच वाचली होती. परंतु तिचा प्रश्न पुढचा होता. बाबासाहेब बोलले, त्यावर बाकीचे सभासद काय म्हणाले? विरोध कोणी केला, कशाच्या आधारावर केला, खानदेशचा कोणी उठला की नाही? यासाठी त्या दिवसांच्या कामकाजाचा मूळ वृत्तांतच पूर्ण पाहिला पाहिजे, आणि तो असतो थोड्याच जुन्या ग्रंथालयांत. म्हणजे ती आळशी नव्हती, उलट योग्य जागी येऊन थांबली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत आम्ही तिच्याबरोबर कॉलेजात गेलो. ग्रंथपाल सरांपुढे परीक्षेचे अर्ज, पुस्तकांची नोंदणी आणि बिले यांचा ढीग होता. तरी त्यांनी ऐकून घेतले, दोन प्रश्न विचारले आणि म्हणाले, “वर्षभरात असं मागायला आलेली तू पहिलीच गं, बेटा.” त्यांनी संगणकावर शोध घेतला, पुण्यातील एका जुन्या संस्थेच्या ग्रंथालयात ते खंड असल्याचे दिसले. मागणीपत्रक भरले, त्यावर विद्यार्थिनीची सही, मार्गदर्शकांची सही, शेवटी ग्रंथपालांची सही व कॉलेजचा शिक्का. नऊ-दहा दिवसांनी उत्तर आले की खंड जुने असून बांधणी खिळखिळी झाली आहे, बाहेर पाठविता येणार नाहीत. मात्र नेमकी पाने कळविल्यास छायाप्रती पाठवू, खर्च अमुक. ती निराश झाली. आम्ही म्हटले, अगं पोरी, हा नकार नव्हे, हाच होकार!

येथे थोडे थांबून सांगितले पाहिजे की कोणत्या वस्तू सहसा बाहेर जात नाहीत. कोश व इतर संदर्भग्रंथ, नियतकालिकांचे बांधीव खंड, हस्तलिखिते, दुर्मिळ व मोडकळीस आलेली पुस्तके, तसेच जेथे रोज मागणी आहे अशी क्रमिक पुस्तके. यांच्या बाबतीत छायाप्रत किंवा स्कॅन हाच मार्ग. स्वतःच्या अभ्यासापुरता वाजवी भाग घेण्यास १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातच मुभा आहे, परंतु अख्खे पुस्तक छापून काढणे म्हणजे अभ्यास नव्हे. आणि काही वेळा आपणच तेथे जाणे श्रेयस्कर. धुळ्याचे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ शिरपूरपासून पन्नास-बावन्न किलोमीटरवर आहे. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले आणि १९२७ साली हे मंडळ स्थापन झाले. आपल्या जिल्ह्यात एवढा मोठा ठेवा असताना आपली किती मुले तेथे जाऊन बसली? अशा ठिकाणी जाताना ग्रंथपाल किंवा प्राचार्य यांचे परिचयपत्र सोबत न्यावे. तोही या देवघेवीचाच एक प्रकार आहे. पुस्तक वाचकाकडे येत नाही, वाचक पुस्तकाकडे जातो, पण शब्द कॉलेजचाच चालतो. जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचे ग्रंथालय आहे. हे विद्यापीठ १९९० साली स्थापन झाले व २०१८ साली त्याला बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. आपल्या भागातील कॉलेजे त्याला संलग्न असल्याने ग्रंथपालांना विचारताना आधी तेथील चौकशी करण्यास सांगावे, दिल्लीपर्यंत जाण्याची गरजच पडू नये.

पुस्तक प्रत्यक्ष आले तर काय? ते विद्यार्थ्याच्या नव्हे, कॉलेजच्या नावावर आलेले असते. मुदत साधारणतः आपल्या नेहमीच्या पुस्तकांपेक्षा कमी असते. काही वेळा ‘ग्रंथालयातच बसून वाचावे’ अशी अट असते, ती निमूटपणे पाळावी. पानांवर खुणा नकोत, कोपरे दुमडू नयेत, मुदतवाढ हवी असेल तर मुदत संपण्यापूर्वी सांगावे. पुस्तक हरवले तर भरपाई प्रथम कॉलेज करते आणि नंतर आपल्याकडून घेते. परंतु भरपाईपेक्षा मोठे नुकसान वेगळेच असते. ते आम्ही स्वतः केले आहे, म्हणून लिहितो.

आम्ही बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. चांगदेव भवानराव खैरमोडे यांनी लिहिलेल्या बाबासाहेबांच्या चरित्राचा पहिला खंड १९५२ साली निघाला, पुढे अनेक खंड झाले. आमच्या कॉलेजात त्यातले काहीच होते. हवा असलेला खंड त्या वेळच्या ग्रंथपाल सरांनी दुसऱ्या गावच्या ग्रंथालयाकडून मागवून दिला. पंधरा दिवसांची मुदत. आम्ही तो चार दिवसांत वाचला आणि मोठेपणाने एका मित्राला दिला. मित्र शहाद्याला मामेभावाच्या लग्नाला गेला, तेथे आणखी कोणी तरी वाचायला घेतला. आमच्या हाती तो परत आला तेव्हा दीड महिना उलटून गेला होता आणि पुठ्ठ्यावर हळदीचे बोट उमटले होते. सरांना त्या ग्रंथालयाकडून दोन स्मरणपत्रे आली होती, हे आम्हाला नंतर कळले. सरांनी दंड स्वतःच्या खिशातून भरला, आम्हाला एक शब्द बोलले नाहीत. पण त्या वर्षी आमच्यानंतर एका मुलाने अर्ज केला तेव्हा त्या ग्रंथालयाने सध्या देता येत नाही असे कळविले. त्यांची काही चूक नव्हती. तो मुलगा आमच्यापेक्षा हुशार होता, गरजू होता, आणि त्याला आजपर्यंत ठाऊक नाही की त्याचे पुस्तक आमच्यामुळे आले नाही. आम्ही पुढे बँकेत लागलो. थकबाकीदाराच्या शेजाऱ्यालाही कर्ज मिळणे अवघड होते, हे तेथे रोज पाहतो. त्या हळदीच्या बोटाची तेव्हा आठवण होते.

आता खर्चाविषयी. पूर्वी पुस्तके रजिस्टर्ड बुकपोस्टाने स्वस्तात जात असत. ती सेवा टपाल खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये बंद केली तेव्हा ग्रंथालयांची व छोट्या प्रकाशकांची चांगलीच अडचण झाली. त्यानंतर १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ नावाची नवी सेवा सुरू झाली. सुरुवातीच्या दरपत्रकाप्रमाणे ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत जास्तीत जास्त १०० रुपये, कर वेगळा. पार्सल जमिनीवरच्या मार्गाने जाते, म्हणून वेळ लागतो, पण ते कोठवर आले ते पाहता येते. जाहिराती असलेली किंवा धंद्यासाठी छापलेली नियतकालिके यात चालत नाहीत, अभ्यासाची पुस्तके चालतात. हा खर्च बहुधा मागणाऱ्याने द्यावा लागतो. रक्कम मोठी नाही, पण महिन्याच्या शेवटी साठ-सत्तर रुपयेसुद्धा मागावे कसे या संकोचाने मुले गप्प बसतात, हे आम्ही जाणतो.

यास्तव कार्यकारिणीपुढे आम्ही एक सूचना ठेवली. वर्षावास व जयंतीच्या वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढून पुस्तकांच्या टपाल व छायाप्रतींसाठी ठेवावी. रक्कम विद्यार्थ्याला बक्षीस म्हणून द्यावयाची नाही, उसनी द्यावयाची. जमेल तेव्हा त्याने परत करावी. एक-दोन सभासदांनी विचारले की कॉलेजचे काम संस्थेने का करावे? प्रश्न रास्त आहे. काम कॉलेजचेच आहे व कॉलेज ते करतेही, परंतु खिडकीपर्यंत मुलाला नेऊन उभे करणे हे आपले काम. लग्नाच्या हॉलसाठी वर्गणी काढताना आपण असा प्रश्न विचारत नाही, एवढेच आम्ही तेथे बोललो. सूचना मंजूर झाली. रजिस्टर आमच्याकडे दिले आहे (बँकवाल्याकडे दुसरे काय देणार!). त्यात पुस्तकाचे नाव, मागितल्याची तारीख, आल्याची तारीख, परत केल्याची तारीख व सही असे रकाने आखले आहेत. परतीच्या तारखेचा रकाना आम्ही मुद्दाम तांबड्या शाईने आखला आहे.

रजिस्टरमधील पहिली नोंद त्या मुलीची. पुण्याहून छायाप्रतींचे पाकीट एकविसाव्या दिवशी आले. पुणे-शिरपूर एका वेळच्या पूर्ण तिकिटापेक्षा खर्च कमी आला. ती अभ्यासिकेत कोपऱ्यातल्या टेबलावर बसून पाने वाचत होती, मध्येच डोके वर करून म्हणाली, “काका, इंग्रजी जड आहे, पण भांडण समजतंय.” तिने छायाप्रतींचे पैसे तीन हप्त्यांत परत केले. दुसरी नोंद बी. एस्सी.च्या मुलाची आहे, त्याचे पुस्तक जळगावहून आले व वेळेत परत गेले. तिसरी नोंद अजून अपुरी आहे. मागणी पाठवून अठरा दिवस झाले.

दर रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही अभ्यासिकेत असतो. येताना कॉलेजचे ओळखपत्र, पुस्तकाचा उल्लेख जेथे सापडला त्या पानाची झेरॉक्स किंवा फोटो, आणि ‘नाही’ असे लिहिलेली वही घेऊन यावे.